शिवाजी पार्क: एका रिकाम्या जागेचा इतिहास

आज आपण एका मैदानाविषयी बोलणार आहोत. दादरचं शिवाजी पार्क. नावात ‘पार्क’ असलं तरी फुलझाडांचे ताटवे आणि कारंजी असलेली ती बाग नव्हे. सुमारे 28 एकरांची मोकळी जमीन आहे ती आणि तिच्याभोवती बसायला कट्टा. आपल्यापैकी अनेकांनी त्या कट्ट्यावर तासन्‌तास गप्पा मारल्या असतील. तरीही एक साधा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. इतक्या महागड्या शहराच्या मध्यभागी ही जागा रिकामी राहिली कशी?

आपल्या डोक्यात एक समज असतो की रिकामं म्हणजे जिथे अजून काही झालेलं नाही ते. पण वैशेषिक दर्शनाचे उत्तरकालीन आचार्य ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानतात. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं, की या जमिनीवर घडा नाही. हे ‘नसणं’ आपल्याला खरोखर कळतं, म्हणजे तेही काहीतरी आहे. शिवाय अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला ते ‘प्रतियोगी’ म्हणतात. तेव्हा शिवाजी पार्क रिकामं आहे असं म्हणताना आपण विचारायला हवं, ते नेमकं कशापासून रिकामं आहे?

आता इतिहासाकडे येऊ. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, कोंदट वस्त्यांचं काय होतं ते शहरानं पाहिलं. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराची आखीव वाढ उत्तरेकडे, दादर-माटुंग्याच्या दिशेनं सुरू झाली. हवा आणि उजेड ही चैन नाही, गरज आहे, हा धडा त्यामागे होता. 1925 साली महापालिकेनं हे मैदान लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. दोनच वर्षांनी, 1927 मध्ये, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. महाराजांचं जन्मवर्ष तेव्हा 1627 धरलं जाई, त्यामुळे ते त्रिशताब्दीचं वर्ष होतं. भोवतालच्या वसाहतीलाही पुढे हेच नाव चिकटलं.

मग या जागेवर काय काय झालं? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या प्रचंड सभा झाल्या, आचार्य अत्र्यांची भाषणं गाजली. 30 ऑक्टोबर 1966 रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा इथेच भरला. रमाकांत आचरेकरांच्या शिष्यांनी इथल्या मातीत क्रिकेट गिरवलं. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा, हे दृश्य आपल्याला इथे नवं नाही. आणि दरवर्षी 6 डिसेंबरच्या सुमारास चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक याच मैदानाचा आसरा घेतात. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, बाहेरूनही येतात, इथे मुक्काम करतात, पुस्तकं विकत घेतात आणि परत जातात. दादरमध्ये ज्यांचं कुणीही राहत नाही अशा माणसांना हक्कानं पाठ टेकायला ही जागा मिळते.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. ते आले, त्यांनी जागा भरून टाकली आणि नंतर ती मोकळी केली. म्हणजे मैदान माणसांपासून रिकामं नाही. ते रिकामं आहे ते कायमच्या ताब्यापासून. आपल्या व्यवहारात दोन नेमके शब्द आहेत, वापर आणि वहिवाट. वापर संपतो. वहिवाट मात्र हळूहळू हक्क सांगू लागते.

खरी अडचण इथे सुरू होते, कारण हक्क सांगणारे सगळे बहुतेकदा आपापल्या जागी बरोबर असतात. 2010 मध्ये रहिवाशांच्या तक्रारीवरून उच्च न्यायालयानं हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. ज्यांच्या खिडकीखाली ध्वनिवर्धक लागतात त्यांची बाजू आपण उडवून लावू शकत नाही. पण मैदान म्हणजे भोवतालच्या इमारतींचं अंगणही नव्हे. शेवटी खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस मोकळे ठेवण्याची तडजोड निघाली. 2022 साली दसरा मेळाव्यावरून शिवसेनेच्या दोन गटांत वाद झाला. महापालिकेनं दोघांनाही परवानगी नाकारली आणि प्रश्न न्यायालयात गेला. न्यायालयानं ठाकरे गटाला परवानगी दिली. वर्षानुवर्षांचा वापर कोणाचा, याचीच ती चर्चा होती.

सगळ्यांत नाजूक प्रश्न स्मारकांचा. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि फेब्रुवारी 2022 मध्ये लता मंगेशकर यांच्यावर इथे अंत्यसंस्कार झाले. दोन्ही वेळा मैदानात स्मारकाची मागणी झाली आणि तिला विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांना आदर नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. दोन वेगळ्या गोष्टींचा आदर तिथे समोरासमोर आला होता. आपल्या लाडक्या माणसासाठी एक कोपरा मागणं अगदी स्वाभाविक आहे. पण प्रत्येक पिढीची लाडकी माणसं असणार आणि कोपरे मोजकेच आहेत. जिमखाना, व्यायाममंदिर, गणपतीचं देऊळ यांनी मैदानाच्या कडा आधीच घेतल्या आहेत. 1966 साली बसवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळाही तिथे आहे. त्या पुतळ्याच्या उजव्या हातात तलवार नाही, हात नुसता पुढे केलेला आहे.

नैयायिक आणखी एक फरक करतात. वस्तू निर्माण होण्याआधीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. मैदानाचं रिकामपण हा बांधकामाचा प्रागभाव आहे. त्याला आरंभ नसतो, पण अंत असतो. एकदा तिथे काही उभं राहिलं की तो अभाव संपला. पुढे ते पाडलं तरी उरतो तो प्रध्वंसाभाव, पहिला परत येत नाही. 1925 पासून आपल्याआधीच्या लोकांनी प्रत्येक वेळी थोडं भांडून, थोडी तडजोड करून हे रिकामपण आपल्यापर्यंत पोचवलं. तेव्हा उद्या कुणी, अगदी आपल्या मनातल्या चांगल्या कामासाठी, या मैदानाचा तुकडा मागितला, तर आपण एवढंच विचारू या: हे काम झालं की तुम्ही जागा मोकळी करणार का?