उसना श्वास आणि बंद कवटी : मेंदूला मार लागलेल्या रुग्णाच्या व्हेंटिलेटरचा इतिहास

१/ जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे साठ किलोमीटर. डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण या वाटेने ‘घाटी’कडे निघतो, तेव्हा अनेकदा त्याच्या उशाशी बसलेला कोणीतरी हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत असतो. तो फुगा मिनिटाला किती वेळा दाबला जातो, यावर त्या रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरू शकते. जगाला हे उमगायला किती वर्षे लागली आणि वाटेत कोणत्या चुका झाल्या, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ कवटीपासून करू. १७८३ मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी एक साधे निरीक्षण मांडले: कवटी ही हाडांची बंद पेटी आहे, तिच्यात जागा वाढत नाही. १८२४ मध्ये जॉर्ज केली यांनी त्याला दुजोरा दिला. मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव असे तीनच भाडेकरू त्या पेटीत राहतात, ही मांडणी पुढे त्यातूनच पक्की झाली. एकाने पाय पसरले, तर दुसऱ्याला अंग चोरावे लागते.

३/ मार लागलेला मेंदू सुजतो. सूज वाढली की आतला दाब वाढतो. दाब वाढला की ताजे रक्त आत शिरेनासे होते, आणि रक्ताविना मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. म्हणजे पहिला घाव रस्त्यावर होतो आणि दुसरा, अधिक चोरटा घाव नंतरच्या तासांत कवटीच्या आत होत राहतो. वैद्यकाची सारी लढाई या दुसऱ्या घावाशी आहे.

४/ पण याचा श्वासाशी काय संबंध? उत्तर मिळाले १९४८ मध्ये, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी निरोगी तरुणांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. हवेत ५ ते ७ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून दिला, तेव्हा तो प्रवाह सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला. त्यांना जोरजोराने श्वास घ्यायला लावले, तेव्हा तोच प्रवाह जवळपास एक-तृतीयांशाने घटला.

५/ अर्थ असा: रक्तातला कार्बन डायऑक्साइड ही मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तोटी आहे. तो वाढला की वाहिन्या रुंदावतात, कमी झाला की आकसतात. आणि हा वायू शरीराबाहेर टाकण्याचे काम श्वासाचे. तेव्हा ज्याच्या हाती दुसऱ्याचा श्वास आहे, त्याच्या हाती त्या माणसाच्या मेंदूचा रक्तप्रवाहही आहे. या थ्रेडची सारी कथा या एका वाक्याभोवती फिरते.

६/ दुसऱ्याचा श्वास आपल्या हाती घेण्याची कल्पना जुनी. वेसालियसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारण्याचे वर्णन केले आहे. १९२८ मध्ये बोस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर यांचे ‘लोखंडी फुप्फुस’ आले: रुग्णाला गळ्यापर्यंत पेटीत ठेवून, पेटीतील हवेचा दाब कमी-जास्त करून त्याची छाती हलवणारे यंत्र. पोलिओच्या काळात त्याने अनेकांना तारले.

७/ खरे वळण आले ऑगस्ट १९५२ मध्ये, कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात. पोलिओची भयंकर साथ होती. श्वासाचा पक्षाघात झालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, म्हणून रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा समज होता.

८/ भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी तो समज उलटा केला. हा अल्कधर्म नव्हे, श्वास अपुरा पडल्यामुळे साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, असे ते म्हणाले. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन त्यांनी नळी घातली आणि हाताने फुगा दाबून श्वास दिला. मरणाच्या दारातील मुलगी वाचली. आकडा तोच होता, अर्थ मात्र पूर्ण बदलला होता.

९/ यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे रुग्णांचे फुगे दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला. जगातील पहिल्या आयसीयूचा मान बहुधा त्यालाच दिला जातो. विद्यार्थिदशेत असलेल्या वाचकांनी हा प्रसंग विसरू नये.

१०/ १९५६ मध्ये डेन्मार्कमधूनच आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी बाजारात आली. हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांची ती निर्मिती. ‘अंबू बॅग’ हे तिचे नाव आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही रुळले आहे. साधे, स्वस्त, विजेशिवाय चालणारे साधन. आणि म्हणूनच, पुढे दिसेल तसे, फसवेही.

११/ आता मेंदूच्या घावाकडे वळू. स्वीडनमधील लुंड येथील नील्स लुंडबर्ग यांनी कवटीत बारीक नळी ठेवून आतला दाब सलग मोजण्याची पद्धत बसवली. १९५९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाला भराभर श्वास दिला की हा दाब झपाट्याने उतरतो. वाहिन्या आकसतात, रक्त बाहेर पडते, पेटीत जागा होते. केटी-श्मिट यांची तोटी आता उपचार म्हणून वापरात आली.

१२/ उपाय इतका सोपा आणि परिणाम इतका डोळ्यांदेखत, की १९७० आणि १९८० च्या दशकांत तो जगभर शिरस्ता झाला. डोक्याला मार लागला? व्हेंटिलेटरची गती वाढवा. निरोगी माणसाच्या धमनीतील कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे ४० मिलिमीटर पारा असतो. तो २५ पर्यंत खाली आणला जाई आणि कित्येक दिवस तिथेच ठेवला जाई. यंत्रावरचा आकडा उतरला की सगळ्यांना हायसे वाटे.

१३/ चूक कुठे होती? दाब उतरत होता तो सूज ओसरली म्हणून नव्हे, तर मेंदूतले रक्तच कमी झाले म्हणून. आधीच उपाशी असलेल्याच्या ताटातली भाकर काढून घेऊन घरात जागा झाली, असे म्हणण्यासारखे ते होते. १९७८ मध्ये ग्लासगोच्या शवविच्छेदकांनी डोक्याला मार लागून दगावलेल्या १५१ जणांचे मेंदू तपासले. ९१ टक्के मेंदूंत रक्त अपुरे पडल्याच्या खुणा होत्या.

१४/ आणखी एक गोम. मेंदूभोवतीचा द्रव या बदलाशी साधारण एका दिवसात जुळवून घेतो आणि वाहिन्या हळूहळू पूर्ववत रुंदावतात. उपायाचा लाभ ओसरतो. मग गती एकदम कमी केली, तर त्याच वाहिन्या प्रमाणाबाहेर फुगतात आणि दाब उसळी मारतो. म्हणजे उपाय चालू ठेवला तरी पंचाईत, थांबवला तरी पंचाईत.

१५/ अखेर १९९१ मध्ये व्हर्जिनियातील मुइझलार आणि सहकाऱ्यांनी ११३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना पाच दिवस वेगाने श्वास दिला, काहींना सर्वसाधारण गतीने. तीन आणि सहा महिन्यांनी पाहिले, तर ज्या रुग्णांची स्थिती सुरुवातीला त्यातल्या त्यात बरी होती, त्यांच्यात वेगाने श्वास दिलेला गट मागे पडला होता. वर्षभरानंतर हा फरक तितका ठळक उरला नाही. पण ‘सरसकट वेग वाढवा’ या रूढीचा आधार मात्र गेला.

१६/ १९९५ मध्ये अमेरिकेत ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली आणि नेमाने, दीर्घकाळ वेगवान श्वास देण्याविरुद्ध इशारा लिहिला गेला. एक अपवाद राहिला. एका डोळ्याची बाहुली अचानक रुंदावणे यांसारखी मेंदू खाली सरकत असल्याची लक्षणे दिसली, तर शस्त्रक्रियेपर्यंतची काही मिनिटे मिळवण्यासाठी वेग वाढवता येतो. रोजचे अन्न म्हणून नाकारलेली वस्तू आणीबाणीचे औषध म्हणून उरली.

१७/ पण इतिहास सरळ चालत नाही. २००० साली फुप्फुसांच्या वैद्यांनी वेगळाच धक्का दिला. ८६१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, सुजलेल्या फुप्फुसांना प्रत्येक श्वासाला वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली (वजनही उंचीवरून काढलेले), तेव्हा मृत्यू जवळपास ४० वरून ३१ टक्क्यांवर आले. मोठा श्वास फुप्फुस फाडतो. लहान श्वास द्या, कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी चालेल, असा धडा मिळाला.

१८/ फुप्फुसाला चालेल, पण मेंदूला? तिथे तर तोच वायू दाब वाढवतो. कवटीतील दाब वाढलेल्या रुग्णांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे ज्या रुग्णाचे डोके आणि छाती दोन्ही चेचलेली आहेत, त्याच्या उशाशी उभ्या डॉक्टरपुढे दोन शास्त्रे दोन दिशांना बोट दाखवत होती. रस्त्यावरच्या अपघातांत असे रुग्ण विरळा नसतात.

१९/ २०२० मध्ये युरोपीय अतिदक्षता संघटनेच्या तज्ज्ञांनी सहमतीचे मार्ग लिहिले. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, ऑक्सिजन ८० ते १२० मिलिमीटर पारा: ना कमी, ना उगाच जास्त. कवटीतला दाब वाढलेला नसेल, तर फुप्फुस जपणारा लहान श्वास मेंदूच्या रुग्णालाही द्यावा. दाब खूप वाढलेला असेल, तर? तिथे तज्ज्ञांनी ठाम शिफारस करण्याचे टाळले. हा प्रामाणिकपणाही इतिहासाचाच भाग आहे.

२०/ आता महाराष्ट्रात येऊ. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर दीर्घ काम केले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९९४ चा. शेतातल्या जखमेतून जडणाऱ्या या रोगात स्नायू आखडतात, श्वास अडतो आणि रुग्ण यंत्राच्या भरवशावर राहतो. १९९३ मध्ये मुंबईतच भारतीय अतिदक्षता वैद्यक संघटना स्थापन झाली. कृत्रिम श्वासाची विद्या इथे अशी रुजली.

२१/ दुसरा दुवा कायद्याचा. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा; ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मेंदूमृत्यू ठरवताना व्हेंटिलेटर काही मिनिटे अलग करतात, ऑक्सिजन चालू ठेवतात आणि कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढू देतात. मेंदूत धुगधुगी असेल, तर या वायूच्या हाकेने छाती हलेल. सहा तासांनी पुन्हा तीच परीक्षा. ज्या वायूला आवर घालण्यात सगळी धडपड झाली, अखेरचा प्रश्न त्यालाच विचारायला लावतात.

२२/ जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. जालन्याला स्वतःचे मिळाले २०२४ मध्ये. मधली सारी वर्षे गंभीर रुग्णाची वाट घाटीकडे जात राहिली. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून धावतो. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या या पोलादाच्या गावात डोक्याच्या दुखापती ही रोजची शक्यता आहे.

२३/ आणि इथे तो फुगा परत येतो. घाबरलेला हात नकळत भराभर दाबतो; जास्त हवा म्हणजे जास्त जीव, असे वाटते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने २००७ ते २०१५ या काळात आपल्या रुग्णवाहिकांना तीन गोष्टी टाळायला शिकवले: ऑक्सिजन घटणे, रक्तदाब घटणे आणि भराभर श्वास देणे. मोठ्यांसाठी गती मिनिटाला दहा. ती चुकू नये म्हणून लुकलुकणारा दिवाही दिला. मेंदूला गंभीर मार लागलेल्यांच्या गटात जगण्याची शक्यता दुपटीने वाढली. नळी घातलेल्यांत तिपटीने.

२४/ यासाठी नवे औषध लागले नाही. हात आवरायला शिकवावे लागले. भोकरदन तालुक्यातील देहेडचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाचा उपयोग ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ज्ञान मोठ्या शहरातच जन्मते असे नाही. ते उशाशी बसून मोजणाऱ्याकडे येते.

२५/ मन्रोची पेटी, केटीची तोटी, इब्सेनचा फुगा, लुंडबर्गचा मोह आणि मुइझलारची कबुली: दोन शतकांचा हा इतिहास शेवटी सहा सेकंदांत मावतो. एकदा दाबा, सहापर्यंत मोजा, मग पुन्हा दाबा. जालना ते घाटी या तासाभराच्या वाटेत ही मोजणी सुमारे सहाशे वेळा करावी लागते. तुमच्या ओळखीत रुग्णवाहिकेवर काम करणारे कोणी असेल, तर हा थ्रेड त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.