वऱ्हाडच्या उन्हात प्रवाळांची काचपेटी

अंजनगाव सुर्जीची ओळख पानमळ्यांची आणि केळीच्या बागांची. सातपुड्याच्या पायथ्याकडील या गावापासून समुद्र चारशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही मऊ प्रवाळांची छोटी काचपेटी येथील घरात ठेवता येते, कारण तिला लागणारे खारे पाणी घरीच तयार होते आणि सूर्याची जागा एलईडी दिवा घेतो. खरी कसोटी आहे ती वऱ्हाडच्या उन्हाळ्याची. पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या मुलखात 24 ते 27 अंशांत रमणारा जीव जगवायचा, तर पेटी घेण्यापूर्वीच बराच विचार झाला पाहिजे.

45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच अशा पेटीत सुमारे 40 लिटर पाणी मावते. खडक आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्षात 35 लिटरच उरते. लहान पेटी म्हणजे सोपी पेटी, हा नवशिक्यांचा समज मात्र खरा नाही. तीनशे लिटरांच्या पेटीत एखादी चूक दोन दिवसांत जाणवते. येथे ती दोन तासांत जाणवते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अंजनगाव तालुक्याच्या काही भागापर्यंत पोहोचला आहे. तेथील विहिरीचे पाणी मुळात खारट, त्यात थोडे मीठ घातले की झाला समुद्र, असे कोणी करू नये. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम व 400 मिलिग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम ठरावीक प्रमाणात असते. भूजलाच्या क्षारांचे गणित निराळे. स्वयंपाकातील मिठातही हे घटक त्या प्रमाणात नसतात. म्हणून आधी पाणी पूर्ण निःक्षार करावे आणि त्यात मत्स्यपेट्यांसाठीचे सागरी मीठ मिसळावे. घरगुती शुद्धीकरण यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळले जाते. ती सोय बंद करून पाणी आणखी एका रेझिनच्या नळीतून न्यावे लागते. टीडीएस मापकावर शून्य दिसले पाहिजे. 35 लिटरांना साधारण सव्वा ते दीड किलो मीठ लागते. ते पेटीत न घालता वेगळ्या बादलीत विरघळवावे, दिवसभर घुसळू द्यावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 आल्यावरच वापरावे.

खडकाच्या बाबतीत हौसेपेक्षा कायदा महत्त्वाचा. भित्ती उभारणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. शोभेसाठी विकला जाणारा मृत प्रवाळाचा पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ बहुधा अशा प्रवाळांचाच असतो, तेव्हा तोही नको. सिरॅमिकचा किंवा सिमेंटपासून बनवलेला कोरडा खडक चार ते पाच किलो पुरे. नवशिक्याने कठीण प्रवाळांचा विचारच सोडावा आणि मश्रूम किंवा झोअँथिडसारखे मऊ प्रकार घेतानाही ते जोपासलेले असल्याची कागदपत्रे व पावती मागावी. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. त्यांना हात लावताना हातमोजे घालावेत. माशांचे म्हणाल, तर क्लाऊनफिशची कृत्रिम पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केली आहे. परंतु 35 लिटरांत मासा न ठेवणेच बरे. एखादी कोळंबी आणि दोन-तीन गोगलगायी एवढा परिवार पुरतो.

खडक आणि पाणी घातल्यावर चार ते सहा आठवडे पेटी रिकामीच चालवावी. या काळात जिवाणू वाढतात. ते विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. चाचणीत पहिले दोन्ही शून्य येईपर्यंत प्रवाळ आणू नये. बहुतेक हौशी मंडळी फसतात ती येथेच.

आता प्रकाश. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून त्याला अन्न पुरवते. पाणी तांबडा प्रकाश चटकन शोषून घेते, निळा खोलवर जातो. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ सुमारे वीस मीटर पाण्याखाली असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः निळाच उजेड. म्हणून दिव्यात 400 ते 490 नॅनोमीटरचा निळा भाग भरपूर हवा. पांढरा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी. एकेकाळी यासाठी दीडशे वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावत. ते पाणी तापवत. आज 30 सेंटिमीटर उंचीच्या पेटीला 30 वॅटचा एलईडी, पाण्यापासून वीत-सव्वावीत उंचीवर, पुरेसा होतो. मऊ प्रवाळांना 50 ते 150 एवढे पीएआर मूल्य चालते. मोबाइलमधील प्रकाशमापकावर विसंबू नये. निळा उजेड तो कमीच दाखवतो.

पानमळ्याच्या गावात एक गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत वाढलेली वेल एकाएकी उघड्या उन्हात आली तर करपते. प्रवाळाचेही तसेच. दिवा प्रथम पाव क्षमतेवर ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. रोज आठ तास पुरेत. उजेड आणि उष्णता दोन्ही वाढली की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. पेटी खिडकीपाशी ठेवू नये. दिव्याची वेळ दुपारची न ठेवता दुपारी चार ते रात्री बारा ठेवावी. टायमरने केलेली रात्र प्रवाळाला चालते, आणि पेटीवर दिव्याची उष्णता भर दुपारी पडत नाही.

पाणी गार ठेवण्याचा येथील उत्तम उपाय म्हणजे पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. दमट मुंबईपेक्षा वऱ्हाडात हा पंखा अधिक गुणकारी ठरतो. मात्र त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा ओलसर होऊन पंख्याचा उपयोग घटतो. शिवाय पाणी उडते, मीठ उडत नाही. रोज एक लिटर आटले आणि भरले नाही, तर तीन दिवसांत 35 ची क्षारता 38 च्या वर जाते. ही तूट सकाळ-संध्याकाळ निःक्षार गोड्या पाण्यानेच भरावी. आठवड्याला साडेतीन लिटर पाणी बदलताना मात्र खारे पाणी घालावे. वीज गेल्यावर पाण्याचा प्रवाह थांबून प्राणवायू घटतो, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. अर्धा लिटर पाणी गोठवलेली बंद बाटली सोडल्यास 35 लिटर पाणी सुमारे दीड अंशाने उतरते; एका वेळी एकच सोडावी.

पेटीला जागा धाब्याच्या घराचे माजघर असेल तर उत्तम. पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली टाळावी. प्रवाळ आणण्याआधी मे महिन्यात हीच पेटी साधे पाणी भरून, पंखा व दिवा लावून पंधरा दिवस चालवावी आणि दुपारचे व रात्रीचे तापमान लिहून ठेवावे. पाणी 28 अंशांच्या आत राहिले, तर दिवाळीनंतर मीठ विकत घ्यावे. 30 च्या वर जात असेल, तर चिलर किंवा वातानुकूलित खोलीचा खर्च धरावा, नाहीतर त्या पेटीत गप्पी मासे सोडावेत.