जेलची परीक्षा कोणत्या पाण्यात?

नांदेड-लातूरकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना घरूनच ठाऊक असते. त्याच पाण्याने वर्गात एक प्रयोग करता येतो. डायपरमधील पांढरे दाणे, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, तीन पेल्यांत सारखे घ्यावेत. एकात ऊर्ध्वपातित, दुसऱ्यात बोअरचे, तिसऱ्यात मिठाचे पाणी घालावे. पहिल्यात दाणे सर्वांत जास्त फुगतात. त्यावर मीठ टाकले की जेल पाणी सोडते.

असे का होते? बहुवारिकाच्या साखळीवरील ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून जाळे पसरते. क्षारांतील धन आयन हे प्रतिकर्षण कमी करतात आणि जाळे आकसते.

१९६० साली विख्टर्ले आणि लीम यांनी प्रागमध्ये पाणी धरून ठेवणारे, शरीराला चालणारे जेल जगापुढे मांडले. त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. १९६८ मध्ये हेस्किन्स आणि गिलेट यांनी एका बहुवारिकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे नाव पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड. ते थंड पाण्यात विरघळते, पण सुमारे ३२ अंश सेल्सिअसला द्रावण दुधाळ होते. मे महिन्यात नांदेडला ते बाटलीतच दुधाळ दिसेल!

१९७८ साली तोयोइची तानाका यांनी अ‍ॅसिटोन-पाण्याच्या मिश्रणात जेल तपासले. ताजे जेल हळूहळू आकसले. जुने मात्र एकाएकी कित्येक पट लहान झाले. दिवस जातील तसे जुन्या जेलमध्ये भारित गट तयार झाले होते. आपल्या दाण्यांत असतात तेच! पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी जेलच्या फुगण्या-आकसण्याचे गणित मांडले.

१९९० मध्ये जपानमध्ये ओकानो व सहकाऱ्यांनी ३२ अंशांच्या त्याच बहुवारिकाचा थर दिलेल्या बशीत पेशी वाढवल्या. ३७ अंशांना त्या चिकटून राहिल्या. बशी थंड करताच विकरांवाचून सुटल्या.

पण शरीरातले पाणी ऊर्ध्वपातित नसते. रक्तद्रवाचा खारटपणा साधारण ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाएवढा असतो, आणि मिठाने ते ३२ अंशही खाली सरकतात. औषध सोडणारे जेल शुद्ध पाण्यात उत्तम वागले, तरी रुग्णाच्या शरीरात तसेच वागेल याची खात्री नसते. म्हणून जेलची परीक्षा शरीरासारख्या द्रवातच घ्यावी लागते. आपल्या तीन पेल्यांतून हेच शिकायचे आहे.