शेकरूच्या रक्षणासाठी हवी झाडांची सलगता

भिलाई (छत्तीसगड) : महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू छत्तीसगडच्या जंगलांतही आढळतो, ही बाब फारशी परिचित नाही. भिलाईच्या आग्नेयेस असलेला उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्प प्रामुख्याने रानम्हशींसाठी ओळखला जातो. मात्र तेथील उंच वृक्षांवर शेकरूचाही अधिवास आहे.

शेकरू ही भारतातच आढळणारी महाकाय खार असून तिचे शास्त्रीय नाव ‘रातुफा इंडिका’ आहे. तिचे वजन साधारणतः दीड ते दोन किलो असते. झुपकेदार शेपटी शरीराइतकी किंवा त्याहून लांब असते व उड्या मारताना तोल सांभाळण्यास उपयोगी पडते. पाठीचा रंग प्रदेशानुसार तांबूस, तपकिरी, काळसर असा बदलतो. फळे, बिया, फुले व झाडाची साल हा तिचा मुख्य आहार आहे.

सह्याद्रीतील सदाहरित व निमसदाहरित वने, तसेच सातपुडा आणि मध्य भारतातील पानझडी वनांत शेकरूचे वास्तव्य आहे. पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या सीमेवरील भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. शेकरू ही त्याची प्रमुख ओळख आहे.

हा प्राणी दिवसा वावरतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. काटक्या व पानांची गोलाकार घरटी तो उंचावरील बारीक फांद्यांत बांधतो, जेणेकरून शिकारी प्राणी तेथवर पोहोचू नयेत. एकच शेकरू अशी अनेक घरटी वापरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर तो सुमारे सहा मीटरपर्यंत झेप घेऊ शकतो. रस्ता, खाण किंवा वृक्षतोडीमुळे झाडांमधील अंतर त्याहून वाढल्यास मात्र त्याचा मार्ग खुंटतो. त्याला जमिनीवर उतरावे लागते किंवा जंगलाच्या एका तुकड्यात अडकून राहावे लागते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शेकरूच्या शिकारीस बंदी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही प्रजाती ‘कमी चिंताजनक’ गटात असली, तरी तिची संख्या घटत असल्याची नोंद आहे. गुजरातच्या डांग भागातील फिकट रंगाची उपप्रजाती नामशेष झाली असावी, असे मानले जाते. त्यामुळे मध्य भारतातील पानझडी वनांत केवळ नवी रोपे लावणे पुरेसे नाही. जुने, उंच वृक्ष आणि त्यांच्या एकमेकांना भिडलेल्या फांद्या टिकवणे, हाच शेकरूच्या संवर्धनाचा मूलाधार ठरतो.