बिनतारी जोडणीच्या ड्रायव्हरची निगा : खैराट, पुणे आणि लिनक्सच्या दप्तरातील नोंदी (इ. स. २००४ ते २०२५)

प्रस्तावना

इतिहासलेखनात निर्मितीला जितके स्थान मिळाले तितके निगा राखण्याच्या कामाला मिळालेले नाही. बारव कोणी बांधली हे शिलालेखावरून कळते. दरवर्षी तिचा गाळ कोणी उपसला, हे मात्र कोठेही कोरलेले नसते. मराठवाड्याच्या ग्रामीण इतिहासाचा अभ्यास करताना ही उणीव पदोपदी जाणवते. संगणकाच्या इतिहासातही हीच उणीव आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पुसेगावसारख्या खेडेगावात राहून पडला. त्याचे निमित्त अगदी साधे होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्सवर चालणाऱ्या काही जुन्या संगणकांची बिनतारी जोडणी एका सकाळी बंद पडली. यंत्रे जशीच्या तशी होती, वीज होती, राऊटरही चालू होता. बदलला होता तो फक्त आदल्या दिवशी अद्ययावत झालेला कर्नेल.

कर्नेल म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि तीवर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये असणारा प्रणालीचा गाभा होय. प्रत्येक उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलण्याचे काम ड्रायव्हर नावाचा स्वतंत्र भाग करतो. बिनतारी जोडणीचा ड्रायव्हर हा त्यातल्या त्यात नाजूक मानावा लागतो. तारेच्या दोन टोकांमध्ये फारसे काही बदलत नाही. हवेत मात्र शेजारचे केंद्र बदलते, वारंवारता बदलते, सुरक्षेची पद्धत बदलते आणि सरकारी नियमही बदलतात. यातील प्रत्येक बदलाबरोबर ड्रायव्हरला बदलावे लागते.

साधनांचा विचार

या विषयाच्या अभ्यासकाला एक गोष्ट फार अनुकूल आहे. लिनक्सच्या कर्नेलमधील प्रत्येक बदलाची नोंद इ. स. २००५ पासून गिट या प्रणालीत जतन केलेली आहे. बदल कोणी केला, कोणत्या दिवशी केला, कशासाठी केला, कोणी तपासला आणि कोणाच्या हातून तो पुढे गेला, हे सर्व त्यात लिहिलेले असते. इ. स. २००३ मध्ये लिनक्सच्या संहितेवरील मालकीहक्काचा वाद अमेरिकेतील न्यायालयात गेला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक बदलाखाली तो पाठविणाऱ्याने आपल्या नावाने हमी देण्याची पद्धत सुरू झाली. बदल लिहिणारा, त्या ड्रायव्हरचा देखभालकर्ता, बिनतारी विभागाचा प्रमुख, अशी नावे एकाखाली एक येतात. त्यानंतर तो नेटवर्क विभागामार्गे लिनस टोर्वाल्ड्सपर्यंत पोहोचतो. मोडी कागद वाचणाऱ्यास येथे 'सुरू सूद', 'बार सूद' या शेऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कागद कोणकोणत्या दप्तरांतून गेला हे जसे त्या शेऱ्यांवरून समजते, तसेच येथे समजते. फरक इतकाच की हे दप्तर जगातील कोणालाही, पुसेगावातूनही, पाहता येते. जोडणी चालू असेल तर, एवढी अट मात्र घालावी लागते.

याखेरीज देखभालकर्त्यांची एक यादी कर्नेलमध्येच ठेवलेली असते. कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे आहे आणि तो भाग सांभाळला जातो की 'अनाथ' झाला आहे, हे तीत नमूद असते. 'अनाथ' हा शब्द लेखकाचा नसून त्या यादीतीलच संज्ञेचा अनुवाद आहे.

बिनतारी विभागाची घडण

लिनक्सवर बिनतारी जोडणीची सोय नव्वदच्या दशकातच झाली होती. ज्यां तुरिल्य यांनी त्या काळात घडविलेली साधने पुढे दीर्घकाळ वापरात होती. परंतु २००५ पर्यंतची अवस्था विस्कळीत होती. अनेक कंपन्या आपल्या चिपची माहिती देत नसत. काही ठिकाणी विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये एका आवरणात बसवून चालविला जाई. ब्रॉडकॉमच्या चिपचा ड्रायव्हर स्वयंसेवकांनी चिपच्या वर्तनाचा उलट अभ्यास करून लिहिला आणि तो २००६ मध्ये कर्नेलमध्ये आला. त्याच वर्षी जॉन लिनव्हिल यांनी बिनतारी विभागाची धुरा घेतली. जुलै २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२२ या आवृत्तीत अनेक ड्रायव्हरांना समान पाया देणारा मॅक८०२११ हा थर दाखल झाला. याच आवृत्तीत 'लिबर्टास' नावाचा एक ड्रायव्हरही आला, आणि त्याचा संबंध थेट महाराष्ट्रातील एका वाडीशी पोहोचतो.

खैराटची शाळा

'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही निकोलस निग्रोपाँटी यांची योजना भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नाकारली होती. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत परिसरातील खैराट-धनगरवाडा येथील एका खोलीच्या, एकशिक्षकी शाळेत या लॅपटॉपचा प्रायोगिक वापर सुरू झाला. भारतातील हा या योजनेचा पहिला प्रयोग मानला जातो. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती होती. वर सशाच्या कानांसारखे दोन अँटेना होते. आत मार्व्हेल कंपनीची बिनतारी चिप होती.

या चिपची कल्पना विलक्षण होती. गावात इंटरनेट नसले तरी मुलांचे लॅपटॉप एकमेकांशी जाळे विणतील आणि एकाचा संदेश दुसऱ्यामार्फत तिसऱ्याकडे जाईल, अशी योजना होती. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर झोपला असला तरी चिप स्वतः संदेश पुढे पाठवू शकत असे. विजेची टंचाई असलेल्या वाडीसाठी हे गुण मोलाचे होते. पण त्यासाठी जाळ्याचे सारे काम चिपमधील फर्मवेअरकडे सोपवावे लागले, आणि ते फर्मवेअर बंदिस्त होते. ड्रायव्हर मुक्त, त्याच्या पलीकडील आज्ञावली मात्र कुलुपात, असा हा व्यवहार होता. ओपनबीएसडी या प्रणालीचे थिओ द राट यांनी २००६ मध्येच या तडजोडीवर जाहीर टीका केली होती.

ती टीका अतिरेकी होती असे त्या वेळी अनेकांना वाटले. आज मागे वळून पाहता ती निराधार म्हणता येत नाही. एकाच वर्गात अनेक लॅपटॉप सुरू झाले की हे जाळे स्वतःच्याच संदेशांनी तुंबते, असा अनुभव या योजनेत निरनिराळ्या देशांत आला. बंदिस्त फर्मवेअरमधील दोष बाहेरच्या कोणाला दुरुस्त करता येत नव्हता. पुढील मॉडेलमध्ये जाळ्याची ती सोय राहिली नाही. मात्र लिबर्टासच्या निमित्ताने झालेले काम वाया गेले नाही. त्याच कामाशी निगडित अभियंत्यांच्या पुढाकाराने जाळे विणण्याची क्षमता २००८ मध्ये मॅक८०२११ या मुक्त थरातच आली. खैराटच्या मुलांच्या हातातील यंत्रात ती नव्हती. पण पुढे अनेक स्वस्त राऊटरांवर तिचा वापर शक्य झाला.

लिबर्टास आजही कर्नेलमध्ये आहे. यादीत त्याच्यापुढे 'अनाथ' अशी नोंद आहे.

पुण्याचा संबंध

मार्व्हेलच्या पुढील पिढीतील चिपसाठी 'एमविफेक्स' हा ड्रायव्हर मार्च २०११ मध्ये सादर झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत समाविष्ट झाला. पहिल्या नोंदीखाली बिंग झाओ यांच्याबरोबर अनेक भारतीय नावे आहेत. मार्व्हेलचे पुण्यात अभियांत्रिकी केंद्र असून तेथील अभियंत्यांचा या कामात मोठा सहभाग होता. देखभालकर्त्यांच्या यादीत पुढे अमितकुमार कारवार, अविनाश पाटील, निशांत सरमुकादम, गणपती भट अशी नावे येतात. आडनावावरून प्रांत ठरविणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही, तेव्हा तो मोह येथे आवरलेला बरा. पण पुण्यात बसून लिहिलेली संहिता जगभरच्या सॅमसंगच्या क्रोमबुकांत आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेस यंत्रांवरील लिनक्समध्ये चालत होती, आणि मराठीतील संगणकविषयक लेखनात तिचा उल्लेख प्रस्तुत लेखकाला आढळला नाही, एवढे नमूद करणे आवश्यक वाटते.

या नोंदी क्रमाने वाचल्या असता कामाचे स्वरूप कळते. नवे वैशिष्ट्य जोडणाऱ्या नोंदी सुरुवातीला अधिक आहेत. नंतरच्या नोंदी निराळ्या आहेत : संगणक निद्रावस्थेतून उठला की चिप प्रतिसाद देत नाही, कार्ड मध्येच काढले तर प्रणाली कोसळते, आज्ञा पाठविली पण उत्तर आले नाही तर किती वेळ थांबावे. एकेक दुरुस्ती दोन-चार ओळींची, आणि तिच्यामागचे स्पष्टीकरण वीस ओळींचे. कधी वरिष्ठ देखभालकर्ता ते स्पष्टीकरण अपुरे ठरवून बदल परत पाठवितो, आणि तीच दुरुस्ती तीन-चार वेळा नव्याने सादर होते.

इ. स. २०१९ मध्ये या ड्रायव्हरमधील काही गंभीर त्रुटी उघडकीस आल्या. आसपासच्या केंद्राकडून आलेल्या माहितीची लांबी न तपासता ती स्मृतीत उतरविली जात होती. हल्लेखोराने मुद्दाम लांबलचक माहिती प्रसारित केली तर त्याच्या टप्प्यातील संगणकाची स्मृती बिघडू शकत होती. यातील दुरुस्ती मार्व्हेलच्या कोणी नव्हे, तर सुसे कंपनीतील ताकाशी इवाई यांनी केली. त्यांचे मुख्य क्षेत्र ध्वनीचे ड्रायव्हर. मुक्त स्रोताचा लाभ कोणता, या प्रश्नाला याहून नेमके उदाहरण देणे कठीण आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस मार्व्हेलचा बिनतारी व्यवसाय एनएक्सपी या कंपनीकडे गेला. तत्पूर्वीच माणसे हलू लागली होती. अमितकुमार कारवार यांचे नाव २०१७ पासून हैदराबादशी निगडित रेडपाइन कंपनीच्या ड्रायव्हरखाली दिसू लागते. अविनाश पाटील यांचे नाव क्वांटेनाच्या ड्रायव्हरखाली येते. रेडपाइनचा बिनतारी व्यवसायही २०२० मध्ये विकला गेला आणि तोही ड्रायव्हर पुढे अनाथांच्या यादीत गेला. एमविफेक्सला तुलनेने बरे दिवस आले. क्रोमबुकांमुळे ज्यांना त्याची गरज होती त्या गुगलमधील ब्रायन नॉरिस यांनी त्याची जबाबदारी घेतली. एनएक्सपीने आपल्या नव्या चिपसाठी २०२४ मध्ये त्याच संहितेतून फुटलेला वेगळा ड्रायव्हर सादर केला, तेव्हा एकाच घराचे दोन उंबरे कशाला, अशा आशयाची चर्चा झाली.

बलुत्याची तुलना आणि तिची मर्यादा

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये वर्णिलेली बलुतेदारी ही मुळात निगा राखण्याची व्यवस्था होती. सुताराने नांगर एकदा घडविला की त्याचे काम संपत नसे. मोडेल तेव्हा दुरुस्त करून देणे हे त्याचे कर्तव्य आणि खळ्यावरचे धान्य हा त्याचा हक्क. दुरुस्तीचा मोबदला दुरुस्तीच्या संख्येवर ठरत नव्हता. या अंगाने पाहता कर्नेलच्या देखभालकर्त्याशी त्याचे साम्य आहे. परंतु बलुते जन्माने आणि जातीने बांधलेले होते, त्यातून सुटका नव्हती, आणि त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचे काहीच कारण नाही. देखभालकर्ता मुक्त आहे. तो नोकरी सोडू शकतो. नेमके येथेच ड्रायव्हर उघडा पडतो. वेतन कंपनी देते, आणि कंपनीचा रस चिप विकली जाते तोवरच टिकतो. चिप मात्र खेड्यातील प्रयोगशाळेत आणखी दहा वर्षे चालते.

कर्नेलच्या अंतर्गत रचनेत स्थैर्याचे वचन कोणालाही दिलेले नाही. अंतर्गत रचना बदलणाऱ्याने कर्नेलमधील सर्व ड्रायव्हर त्यानुसार दुरुस्त करावेत असा दंडक आहे. त्यामुळे जो ड्रायव्हर आत आहे तो अनाथ असला तरी काही काळ तगतो. जो बाहेर आहे तो पुढच्या आवृत्तीलाच मोडू शकतो. आत असणेही कायमचे नसते. २०२३-२४ मध्ये ओरिनोको, होस्टएपी यांसारखे जुने बिनतारी ड्रायव्हर कर्नेलमधून वगळण्यात आले, कारण ते कोणी वापरत असल्याचा पुरावाच उरला नव्हता. खेड्यातील वापरकर्ता पुरावा देत नाही. तो यंत्र बाजूला ठेवतो.

सरकारी नियमांचा उल्लेख वर आला आहे. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील अधिक पट्टे घराबाहेरील वापरासह खुले केले. लिनक्समध्ये देशोदेशींचे हे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवलेले असतात. राजपत्रातील बदल कोणीतरी वाचून तेथे नोंदवीपर्यंत यंत्र जुन्याच मर्यादेत राहते. हे काम कोणत्याही कंपनीच्या विशेष हिताचे नसते.

प्रयोगशाळेकडे परत

आमच्या प्रयोगशाळेतील बिघाडाचा उलगडा नोंदी चाळताना झाला. त्या संगणकांना लावलेल्या स्वस्त यूएसबी उपकरणांचा ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेरचा होता. तो कोणीतरी एकदा आणून बसविला होता, आणि ते करणारा तंत्रज्ञ केव्हाच दुसरीकडे गेला होता. कोणता ड्रायव्हर, कोणत्या आवृत्तीचा, कोठून आणला, याची एक ओळही प्रयोगशाळेच्या नोंदवहीत नव्हती. इतिहासाच्या प्राध्यापकाला याचे दुःख यंत्र बंद पडल्यापेक्षा अधिक झाले, हे कबूल केले पाहिजे. बी. एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने उपकरणाचा क्रमांक शोधून त्याच चिपसाठी अलीकडे कर्नेलमध्येच दाखल झालेला ड्रायव्हर सुरू केला. आठपैकी सहा संगणक चालू झाले.

उरलेल्या दोन उपकरणांच्या चिपसाठी कर्नेलमध्ये काहीही नाही. ती आता एका लिफाफ्यात ठेवली असून वर क्रमांक, दिनांक आणि कर्नेलची आवृत्ती लिहिली आहे. जॉन लिनव्हिल यांच्यानंतर बिनतारी ड्रायव्हरांचा कारभार दहा वर्षे पाहणारे कॅले व्हालो २०२५ च्या आरंभी त्या जबाबदारीतून मुक्त झाले आणि तो भार योहानेस बर्ग यांच्याकडे गेला, ही नोंद त्याच आठवड्यात आमच्या वाचनात आली. त्या विद्यार्थिनीने ती नोंदवहीच्या दुसऱ्या पानावर उतरवून घेतली आहे.