साती आसरा : एक शब्द व सात धोंडे

पवना, इंद्रायणी, मुळा व भामा या नद्यांच्या काठी, तसेच जुन्या विहिरींपाशी, शेंदूर लावलेले सात लहान धोंडे एका ओळीत मांडलेले आढळतात. त्यांस ‘साती आसरा’ म्हणतात. मावळात ‘मावलाया’ हेही नाव आहे. तेथे घडीव मूर्ती नसते, लेख नसतो, बहुधा देऊळही नसते. त्यामुळे पोथ्या, सनदा व ताम्रपट यांत रमणाऱ्या आमच्या वर्गाने त्यांची दखल क्वचितच घेतली. परंतु १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, पुढे महानगरपालिका झाली (१९८२), आणि कारखान्यांची रांग चाकणच्याही पलीकडे गेली. या टापूतील पाणवठे पार पालटले. म्हणून हे धोंडे कशाचा पुरावा देतात व तो कसा राखावा, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्द घेऊ. ज्या भक्तांस आसरा देतात त्या आसरा, अशी व्युत्पत्ती सांगण्यात येते. ती टिकत नाही. आश्रयवाचक ‘आसरा’ हा शब्द पुल्लिंगी आहे. देवतावाचक शब्द स्त्रीलिंगी असून बहुधा अनेकवचनीच वापरला जातो. त्याचे मूळ ‘अप्सरस्’ होय. संस्कृतातील ‘प्स’, ‘त्स’ आणि पुष्कळ ठिकाणी ‘क्ष’ यांचा प्राकृतात ‘च्छ’ होतो. त्या ‘च्छ’चा मराठीत ‘स’ किंवा ‘श’ होऊन मागील स्वर दीर्घ होतो. मत्स्य, मच्छ, मासा. मक्षिका, मच्छिआ, माशी. इक्षु, उच्छु, ऊस. याच वाटेने अप्सरस्, अच्छरा, आसरा. ‘अप्सरा’ हा शब्द आपण पोथीतून उचलला. ‘आसरा’ हा तोंडोतोंडी झिजत आला. संस्कृत न जाणणाऱ्या कुणबी-कोळ्यांच्या मुखी तो प्राकृतकाळापासून अखंड नांदला नसता, तर त्यास हे रूप आलेच नसते.

शब्द अखंड चालत आला एवढ्यावरून अर्थही तोच राहिला, असे मात्र सिद्ध होत नाही. कालिदासाची उर्वशी व नदीकाठचा शेंदरी धोंडा यांत साम्य ते कोणते, असा आक्षेप निघेल. त्याचे उत्तर कालिदासापूर्वीच्या वाङ्मयात आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील सदतिसाव्या सूक्तात अप्सरा या वंद्य नर्तकी नसून माणसास पीडा देणाऱ्या आहेत. अजशृंगी वनस्पतीच्या योगाने त्यांस हाकलून नदीकडे परत धाडावयाचे आहे. वड-पिंपळ ही त्यांची घरे व झोके ही त्यांची क्रीडा, असेही तेथे दिसते. शतपथ ब्राह्मणात पुरूरव्यास उर्वशी सापडते ती राजसभेत नव्हे, तर कुरुक्षेत्रातील सरोवरात, पाणपक्ष्याच्या रूपाने सख्यांसह पोहताना. महाभारताच्या आदिपर्वात दक्षिणेकडील पाच तीर्थे ग्राहांच्या भयाने तपस्व्यांनी टाकलेली असतात. अर्जुन पाण्यात उतरतो, पाय धरणाऱ्या ग्राहास ओढून बाहेर काढतो, तो ती वर्गा नावाची अप्सरा निघते. उरलेल्या चार तीर्थांत तिच्या सख्या असतात.

पाण्यात शिरणाऱ्याचा पाय धरणारी ही अप्सराच आपल्या खेड्यांतील आसरा होय. ऐन दुपारी अथवा तिन्हीसांजेस एकट्याने डोहावर जाऊ नये, नव्या नवरीने वा ओल्या बाळंतिणीने तर जाऊच नये, असा समज आहे. ‘आसरा लागल्या’ म्हणजे खण-नारळाने ओटी भरावयाची, हळदकुंकू वाहावयाचे, दहीभात ठेवावयाचा. ब्राह्मणी संस्कारांतही ही देवता आडवाटेने शिरली आहे. जलपूजनाच्या विधीत सात जलमातृका सांगतात; त्यांत मत्सी, कूर्मी, दर्दुरी, मकरी ही नावे येतात. मासळी, कासवी, बेडकी व मगर! वर्गेचे ग्राहरूप लक्षात घेतले म्हणजे या नावांचे नवल वाटत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. ग्रीक लोकांच्या ‘निंफ’ याही झरे, नद्या व वृक्ष यांच्या देवता. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात सॉक्रेटीस ऐन दुपारी इलिसस ओढ्याकाठी एका वृक्षाखाली बसतो. तेथील बाहुल्या व वाहिलेल्या वस्तू पाहून हे निंफांचे ठाणे असे ओळखतो, आणि आपणांस त्या झपाटतील की काय असे पुढे बोलून जातो. दुपार, पाणी, झाड व झपाटणे ही चारही अंगे येथे आहेत. पुढे त्या देशाने धर्म पालटला, तरी समुद्रदेवतांचे ‘नेरेइड’ हे जुने नाव ‘नेराइदा’ असे होऊन सर्वच जलस्त्रियांस लागले, आणि त्यांचे दुपारचे भय अगदी अलीकडपर्यंत टिकले. मोठे देव गेले, लहान देवता राहिल्या. आपल्याकडे मोठे देव गेले नाहीत. पण लहान देवतांची चिकाटी तीच.

या चिकाटीची साक्ष देहूसही मिळते. सतराव्या शतकात इंद्रायणीकाठच्या तुकोबांनी एका अभंगात आपला देव जाखाई-जोखाईंसारखा नव्हे असे बजावले आहे. ज्याचा निषेध करावा लागतो ते लोकांत प्रचलित असते. ‘जाखाई’चे मूळ ‘यक्षी’. प्राकृतात जक्खी, तीस मराठीत ‘आई’ जोडली गेली. म्हणजे यक्षी व अप्सरा या दोघीही प्राकृताच्या वाटेने याच खोऱ्यांत उतरल्या आहेत.

मावळाच्या नावाचा प्रश्नही येथेच येतो. कार्ल्याच्या लेण्यातील सातवाहनकालीन लेखात ‘मामालाहार’ असा प्रांतनिर्देश आहे. ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव, तसे मामालचे मावळ होण्यास हरकत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतालची देवस्थाने पायी हिंडून पाहिली व १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात हे देशनाम आणि मावलाया यांचा संबंध जोडला. आमच्या मते येथे दोन विधाने वेगळी ठेवावी. देशनाम सुमारे दोन सहस्र वर्षांचे आहे, हे शिलालेखाने सिद्ध आहे. देवीवरून देशास नाव पडले की देशावरून देवीस, हे शिलालेख सांगत नाही. ते ठरेल तर मावलायांची ठाणी कोठवर पसरली आहेत याच्या नकाशावरून ठरेल. हा नकाशा अद्याप कोणी पुरा केलेला नाही, आणि तो काढण्याचे साधन दररोज कमी होत आहे.

जॅक्सन यांच्या प्रश्नावलीस खेडोपाडीच्या शाळामास्तरांनी दिलेल्या उत्तरांवरून एन्थोव्हेन यांनी लोकसमजुतींचे दोन खंड छापले : गुजरातचा १९१४ साली व कोकणचा १९१५ साली. घाटमाथ्याचा तसा खंड त्या मालेत निघाला नाही. ती उणीव भरावयाची तर संग्राहकांनी आपली एक सवय मोडली पाहिजे. पोथी एका घरातून दुसऱ्या घरी नेली तरी ती पोथीच राहते. तिचा पुरावा तिच्या अंगावर लिहिलेला असतो. तांदळ्याचे तसे नाही. त्याचा सारा पुरावा त्याच्या जागेत, संख्येत व पूजकांत असतो. तो उचलून संग्रहालयात, अथवा श्रद्धेपोटी नव्या संगमरवरी देवळात नेला, की उरतो केवळ शेंदरी धोंडा.

यास्तव आमची विनंती एवढीच, की धोंडे जागचे हलवू नयेत. टिपणे मात्र हलवावीत. धोंडे सातच की कमी-अधिक. शेजारी त्यांचा भाऊ म्हणून म्हसोबा आहे काय. तोंड कोणत्या दिशेस. पाणी वाहते, डोहाचे की विहिरीचे. पाणी बुजले असल्यास कोणत्या साली. नाव आसरा की मावलाया. पूजा कोणत्या घराण्याकडे, कोणत्या वारी, नैवेद्य काय. ही माहिती प्रामुख्याने घरच्या वृद्ध स्त्रियांस असते. ती त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावी. नदीकाठ बांधून निघण्यापूर्वी दर गावामागे असे एक पान जरी भरले, तरी वेदकाळापासून चालत आलेल्या एका शब्दाचा या खोऱ्यांतील मुक्काम पुढील अभ्यासकांस सापडेल.