दूरध्वनीवरील तिसरा माणूस

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे धानाच्या पट्ट्यातले गाव. 1990 नंतरच्या दशकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लागल्या, तेव्हा नागपूर-मुंबईस कामाला गेलेल्या लेकराचा आवाज ऐकणे आईबापांच्या आटोक्यात आले. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्या आटोक्यात मात्र ते आले नाही. अशा माणसाने बूथवर जायचे ते कोणाला तरी सोबत घेऊन. बहुधा घरच्या शाळकरी मुलाला, नाहीतर शेजाऱ्याला. निरोप त्याने सांगायचा, उत्तर त्याने ऐकायचे आणि मग जमेल तेवढे खुणांनी समजावून द्यायचे. दुखणेबाणे, कर्ज, सोयरिकीची बोलणी, भावाभावांतला शेतीचा वाद, सारे काही त्या तिसऱ्या माणसाच्या कानावरून जायचे. पन्नाशीच्या गृहस्थाला आपल्या दहा वर्षांच्या नातवादेखत सावकाराशी बोलावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना ऐकणाऱ्यांना सहसा येत नाही. कर्णबधिरांच्या दूरध्वनीचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत, तो या तिसऱ्या माणसाचा इतिहास म्हणून.

तारेच्या बाबतीत हा भेद नव्हता, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. तार कागदावर येई. ऐकणारा आणि न ऐकणारा तिच्यापुढे सारखेच. आपल्या देशातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. दूरध्वनीने कर्णबधिरांचे जे हिरावून घेतले, त्याची भरपाई होण्यास दीर्घ काळ लागला.

आणि हे यंत्र तर कर्णबधिरांच्या घरातच जन्मलेले! 1876 साली दूरध्वनीचे एकस्व मिळविणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या मातोश्रींना ऐकू येत नसे, आणि त्यांची पत्नी मेबल लहानपणीच्या आजाराने ठार बहिरी झाली होती. बेल स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक. परंतु कर्णबधिरांनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावे आणि खुणांची भाषा टाकावी, असा त्यांचा आग्रह होता. अठराव्या शतकात पॅरिसमधील एक कॅथॉलिक धर्मगुरू, आबे द लेपे, यांनी कर्णबधिर मुलांच्या खुणा शिकून त्यांनाच शिक्षणाचे माध्यम केले होते. 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने हे कार्य उलटे फिरविले व शाळांतून खुणांची हकालपट्टी केली.

याच सुमारास, 1885 च्या आगेमागे, मुंबईचे व्हिकर अपोस्टोलिक बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिरांसाठी शाळा काढली. भारतातील अशी पहिली शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या येशूसंघीय बिशपांचे हे कार्य आपल्या समाजात जेवढे ठाऊक असावयास हवे तेवढे नाही. पण मिलानची छाया आपल्याकडेही दीर्घकाळ राहिली. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात भारतातील कर्णबधिरांच्या शाळांचा भर बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावर होता. खुणा चालत त्या मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात. भारतीय सांकेतिक भाषेचा शास्त्रीय अभ्यास 1970 च्या दशकात सुरू झाला, त्यात स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ अग्रभागी होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या भाषेचा विभाग उघडला तो 2001 मध्ये. हा तपशील देण्याचे कारण असे की, हातांची भाषा जेथे भाषा म्हणून मान्यच नाही, तेथे चेहरा दाखविणारा फोन आणून काय उपयोग?

इकडे अमेरिकेत मात्र यंत्राची अडचण यंत्रानेच दूर करण्याचा प्रयत्न झाला, आणि तो कर्णबधिरांनी केला. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे भौतिकशास्त्रज्ञ आणि जेम्स मार्स्टर्स हे दंतवैद्य, दोघेही कर्णबधिर. 1964 साली वाइटब्रेख्ट यांनी असे उपकरण सिद्ध केले की, टंकलेखन यंत्रासारखा टेलिप्रिंटर साध्या दूरध्वनीच्या तारेवर चालू लागला. कंपन्यांनी मोडीत काढलेले अवजड टेलिप्रिंटर दुरुस्त करून कर्णबधिरांनी घरोघर बसविले. एकाने अक्षरे ठोकावीत, दुसऱ्याकडे ती छापून यावीत. तिसरा माणूस येथे उरला नाही. परंतु दोन्ही टोकांना यंत्र हवे! दवाखान्यात, दुकानात, पोलीस ठाण्यात ते कोठून असणार?

म्हणून तिसरा माणूस परत आला, पण आता वेगळ्या नात्याने. याला रिले सेवा म्हणतात. कर्णबधिराने टंकलेखन करावयाचे, मध्यस्थाने ते दुसऱ्यास वाचून दाखवावयाचे व त्याचे बोलणे टंकून परत पाठवावयाचे. 1990 च्या अपंगविषयक कायद्याने अमेरिकेत ही सेवा दूरध्वनी कंपन्यांवर बंधनकारक झाली आणि 1993 पर्यंत देशभर सुरू झाली. मध्यस्थाने काही वगळायचे नाही, पदरचे घालायचे नाही, आणि ऐकलेले कोणास सांगायचे नाही, हे नियमानेच ठरले. खर्च कर्णबधिराने नव्हे, तर कंपन्यांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीने सोसावयाचा.

चित्र दाखविणारा फोन 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडला गेला होता. तो महाग ठरला आणि चालला नाही. ऐकणाऱ्यांना त्याची निकड नव्हती, हेच खरे. निकड होती ती हातांनी बोलणाऱ्यांना. 2000 साली अमेरिकी दूरसंचार आयोगाने चित्राद्वारे चालणाऱ्या मध्यस्थ सेवेला मान्यता दिली. 2003 पासून दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे व्हिडिओफोन तेथील कर्णबधिरांना विनामूल्य मिळू लागले. पडद्यावर दुभाषी, तो खुणा पाहून बोलतो आणि ऐकलेले खुणांनी दाखवितो.

मध्यस्थाच्या गुप्ततेचा हा नियम अमेरिकेने नव्याने शोधला, असे वाटण्याचा संभव आहे. आपल्या ख्रिस्तसभेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. पापनिवेदन दुभाष्यामार्फत करता येते, असे 1917 च्या धर्मविधिसंहितेत होते व 1983 च्या संहितेतही आहे (कलम 990). ऐकलेले गुप्त ठेवण्याचे बंधन त्या दुभाष्यावरही आहे (कलम 983). 1917 च्या शब्दरचनेत आणखी एक सूक्ष्म गोष्ट होती: अशा माणसाची इच्छा असेल तर. दुभाषी त्याच्यावर लादावयाचा नाही. एसटीडी बूथवर आलेल्या कर्णबधिराला ही निवड कोणी दिली नव्हती. संत मार्कच्या शुभवर्तमानात बहिऱ्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, हेही वाचकांना आठवेल.

आता आपल्याकडे पाहू. मोबाइल भारतात 1995 साली आला. त्यापुढे लघुसंदेशाने जेवढे कर्णबधिरांसाठी केले, तेवढे खास त्यांच्यासाठी म्हणून केलेल्या क्वचितच एखाद्या योजनेने केले असेल. वाचता येणाऱ्यांचे तिसऱ्यावाचून भागू लागले. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले, व्हॉट्सअॅपवर चित्रसंवाद सुरू झाला, आणि निराळा व्हिडिओफोन विकत घेण्याची गरजच उरली नाही. फोन भिंतीला टेकवून ठेवावा, उजेड तोंडावर घ्यावा, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, एवढे पुरते. दोन कर्णबधिर मित्र आज असे तासन्‌तास बोलतात. ऐकणाऱ्याशी बोलण्यासाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2024 मध्ये चित्र-रिले सेवा सुरू केली. हे केंद्र 2015 साली स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द जमले होते.

तरीही दवनीवाड्यापर्यंत सेवा पोहोचणे म्हणजे नुसती रेंज पोहोचणे नव्हे. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे 50 लाख लोक मोजले गेले. त्या मानाने प्रशिक्षित दुभाषी फारच थोडे. दुभाष्याने फोनवर हिंदी वापरली, तर बालाघाटच्या सीमेवरील या भागात ती समजेल. पण शाळेची पायरीही न चढलेल्या कर्णबधिर शेतकऱ्याच्या खुणा घरच्या असतात. आईला आणि बहिणीला कळणाऱ्या. बांधाची खूण, म्हशीची खूण, अमक्या मामाची खूण. दिल्लीच्या पडद्यावरील दुभाष्याला त्या कशा कळाव्यात? त्याच्यासाठी तिसरा माणूस अजूनही तो शाळकरी नातूच आहे. हे बदलायचे, तर मूल लहान असतानाच त्याच्या हातांत भाषा पडली पाहिजे, घरच्यांनीही ती शिकली पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील शाळांना आणि भगिनींना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते; रिले सेवेची माहिती मिस्सानंतर जाहीर करणे हा त्यातला सोपा भाग.

2 मे 2024 रोजी केरळात त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे जोसेफ थेरमाडम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते भारतातील पहिले कर्णबधिर धर्मगुरू. सांकेतिक भाषा जाणणारा कोणीही कर्णबधिर भाविक आता त्यांच्याशी चित्रसंवादातून थेट सल्लामसलत करू शकेल, मध्ये कोणीही नको. पापनिवेदन मात्र दूरध्वनीवरून होत नाही; त्यासाठी धर्मगुरूपुढे प्रत्यक्षच बसावे लागते. तेव्हा नागपूर महाधर्मप्रांतातल्या कोणाला दुभाष्यावाचून, आपल्याच हातांनी ते करावयाचे असेल, तर सांकेतिक भाषा जाणणाऱ्या धर्मगुरूपर्यंत प्रवास करून जावे लागेल.